दोन लेकरांतले अंतर कोणी ठरवायचे?

गेल्या आषाढात कळंब तालुक्यातील एका गावी गाई पाळणाऱ्या कुटुंबांची बैठक होती. पेरण्या उरकल्या होत्या, पावसाने थोडी उघडीप दिली होती, म्हणून मारुतीच्या देवळापुढे माणसे बऱ्यापैकी जमली. बचत गटाच्या पंधरा-वीस बायाही एका अंगाला बसल्या होत्या.

मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, "गाय व्याली की लगेच भरवण्याची घाई करू नका. साठ ते नव्वद दिवस दम द्या, तिच्या अंगात शक्ती भरून येऊ द्या. पुढच्या वेताआधी दोन महिने दूध आटवा. दोन वेतांत बेताचे अंतर राहिले तर गाय टिकते, वासरू टिकते आणि दूधही मिळते."

एवढ्यात बायांतून आवाज आला, "साहेब, गाईला दम द्यायचं बरूबर सांगितलात. बाईला दम द्यायचं कोन सांगनार?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुष हसले. मीही हसलो आणि चाऱ्याच्या विषयावर गेलो. कोण बोलले ते कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.

रात्री घरी जेवताना हा किस्सा मी गंमत म्हणून सांगितला. आमच्या मंडळी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याला कारण होते. आमची थोरली मुलगी सात महिन्यांची असताना हिला पुन्हा दिवस राहिले. आई म्हणाली, "पाठोपाठ होऊन जाऊ द्या, मग ऑपरेशन करून मोकळे व्हा." मी मान डोलावली. दुसऱ्या बाळंतपणात हिचे रक्त इतके कमी झाले की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. तेविसाव्या वर्षी ऑपरेशन झाले. मी कृषी पदवीधर. सोयाबीनच्या दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर ठेवा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा. घरातल्या माणसाला मात्र तुला काय वाटते, एवढेही मी विचारले नव्हते.

म्हणून हा लेख. मी पिकांचा माणूस, डॉक्टर नव्हे. नर्सबाई, आशाताई आणि वैद्यकीय अधिकारी यांच्याजवळ बसून, गावच्या बायांचे ऐकून जे समजले ते येथे मांडतो. कोणाला कोणते साधन चालेल, हे शेवटी तपासणी करूनच ठरवायचे असते.

हाताशी काय काय आहे?

पाळणा लांबवण्याची जी साधने दीर्घ काळ चालतात, त्यांत आपल्याकडे मुख्य आहे ती तांबी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लॅस्टिकची लहानशी वस्तू, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. प्रशिक्षित डॉक्टर किंवा नर्सबाई ती गर्भाशयात बसवतात. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात व गर्भ राहत नाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. एक प्रकार पाच वर्षे चालतो, दुसरा दहा वर्षे. शंभर बायांनी तांबी बसवली तर वर्षभरात एखादीलाच दिवस राहतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे मूल हवेसे वाटले की ती काढून घेता येते, आणि लगेच पुढच्या महिन्यातही दिवस राहू शकतात.

पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या बारा दिवसांत तांबी बसवणे सोयीचे पडते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर अठ्ठेचाळीस तासांच्या आतही बसवता येते. तेव्हा नाही जमले तर सहा आठवड्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते, दूध कमी होत नाही.

दुसरे साधन 'अंतरा' इंजेक्शन. हे दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. सरकारी योजनेत ते २०१७ पासून मिळते. त्याने पाळी अनियमित होते, काहींची थांबते. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठले, असे नाही. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला मात्र सात ते दहा महिने लागू शकतात, हे आधी माहीत असावे. त्याच योजनेत 'छाया' नावाची गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्याला एक. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती शोधली गेली. ती दीर्घ काळ चालणारी नव्हे, पण रोज गोळी लक्षात राहत नाही त्यांना सोयीची. दंडाच्या त्वचेखाली बसवायची आणि तीन वर्षे चालणारी काडीही आता देशात काही निवडक जिल्ह्यांतील सरकारी दवाखान्यांतून मिळू लागली आहे.

शून्य, नाहीतर पूर्णविराम

साधने एवढी असूनही वापर किती? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभर विवाहित स्त्रियांमागे अडतीस स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. तांबी वापरणाऱ्या देशात शंभरात दोन. आणि पुरुषांची नसबंदी? हजारात तीन.

याचा अर्थ सरळ आहे. आमच्या खेड्यातील बाईपुढे दोनच गोष्टी येतात. आधी काहीच नाही, आणि दोन लेकरे झाली की कायमचे ऑपरेशन. मधली वाट कोणी दाखवत नाही. अठराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिले, एकविसाव्या वर्षी दुसरे, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ऑपरेशन, असा बहुतेक घरांचा शिरस्ता. राज्यात शंभरातील बावीसएक मुलींचे तर अठराच्या आतच हात पिवळे झालेले असतात, असे तीच पाहणी सांगते.

ऑपरेशन वाईट नाही. ज्या जोडप्याला आणखी मूल नकोच, त्यांना ते योग्यच. पण ऑपरेशनने मुले थांबतात. दोन लेकरांत अंतर पडत नाही. बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी निदान दोन वर्षे जावीत असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. दोन जन्मांत तीन वर्षांचे अंतर असावे असे आपल्याकडे सांगतात. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा अंगावर वर्ष-सव्वा वर्षात दुसरे बाळंतपण आले तर काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

सास्तूरची आठवण

ऑपरेशन हा पूर्णविराम असतो, हे मला कळले ते सास्तूरला. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्याकडील सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव, होळी या बाजूला दगडमातीची घरे जागच्या जागी बसली. त्यात हजारो माणसे गेली. मी तेव्हा नोकरीला नवीन. जनावरांच्या व पिकांच्या पंचनाम्यासाठी आम्हाला तिकडे पाठवले होते.

एका पत्र्याच्या शेडपाशी एक बाई बसलेली होती. वय फार तर पंचवीस. दोन्ही लेकरे गेलेली. मी बैलांची चौकशी करत होतो. ती म्हणाली, "बैलं ऱ्हायली साहेब. लेकरं गेली. आन् माझं आपरेशन झालंय." पुढे ती काही बोलली नाही. कागदावर काय लिहावे, मला सुचेना.

नस पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया असते. पण ती मोठ्या दवाखान्यात करावी लागते आणि तिने मूल होईलच असे सांगता येत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने लेकरे गमावलेल्या मातांसाठी अशा शस्त्रक्रियांचा खर्च उचलला होता. संकट सांगून येत नाही. भूकंप सोडा, आजारपण आहे, अपघात आहे. बाविसाव्या वर्षी कायमचा निर्णय घेण्यापूर्वी, दहा वर्षे चालणारे आणि हवे तेव्हा काढता येणारे साधन आहे, एवढे तरी तिला कोणी सांगायला नको काय?

तांबीचे नाव का निघत नाही?

बायांना विचारले की पहिल्यांदा अफवा येतात. तांबी पोटात फिरते, काळजाला चिकटते, वजन उचलले की पडते, नवऱ्याला टोचते. यांतील बहुतेक खोटे. तांबी जागेवर राहते, काळजाकडे जाण्याचा प्रश्नच नाही. बसवताना पिशवीला इजा होण्याचा प्रकार हजारात एखादा, म्हणून ती जाणत्या हातानेच बसवायची. भारा उचलल्याने ती पडत नाही. पहिल्या काही महिन्यांत काहींची आपोआप निसटते, म्हणून पाळीनंतर तिचा दोरा हाताला लागतो की नाही ते पाहायचे आणि महिन्याने एकदा तपासून घ्यायचे.

पण सगळ्या तक्रारी अफवा म्हणून उडवून लावणेही बरोबर नाही. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाते, ओटीपोटात दुखते. पुढे बहुतेकींचे कमी होते. शहरातल्या बाईला हा त्रास एक प्रकारचा, आमच्या बाईला दुसऱ्या प्रकारचा. सोयाबीन काढणीच्या दिवसात दिवसभर वाकून काम, रानात ना आडोसा ना पाणी. त्यातून पाळीचे दिवस चारचे सात झाले की घरात सात दिवस बाजूला बसायचे. घटस्थापनेला नेमकी अडचण आली तर तुळजापूरला जाणे राहिले, त्याचा बोल तांबीला.

तुळजापूर तालुक्यातील एका बाईने दोन महिन्यांत तांबी काढून टाकली. ती मला म्हणाली, "तरास व्हतो म्हनून कुनी सांगितलंच न्हाई. मला वाटलं, आता जीवच जातोय." सहा महिन्यांनी तिला दिवस राहिले. तिला आधी सांगितले असते, गोळ्या दिल्या असत्या, हिमोग्लोबिन पाहिले असते तर? रानात न सांगता मारलेल्या औषधाने पीक पिवळे पडले तर शेतकरी पुन्हा ते औषध घेत नाही, आणि शेजाऱ्यालाही घेऊ देत नाही. येथेही तसेच झाले आहे.

या अविश्वासाला जुना इतिहासही आहे. १९६५ मध्ये देशात 'लूप' आला. मोठ्या संख्येने बायांना तो बसवला गेला, पण नंतर त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही. अंगावरून जाऊ लागले, लूप बदनाम झाला. आज तांबीबद्दल ज्या गोष्टी आजीबाई सांगतात, त्यातील कितीतरी लूपच्या काळातल्या आहेत. साधन बदलले, पण आठवण तशीच राहिली.

घरात कौल कोणाचा?

माहिती आहे, त्रासाचीही तयारी आहे, पण घर नाही म्हणते, असेही पुष्कळदा घडते. नवी सून वर्षभरात गरोदर राहिली नाही की शेजारपाजार विचारू लागतो. पहिली मुलगी झाली की मुलासाठी घाई होते. "वंशाला दिवा आला की मग काय करायचं ते करा," हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल! मुलगा होईपर्यंत तांबीचे नाव काढायचे नाही, आणि मुलगा झाला की तांबी कशाला, सरळ ऑपरेशन. अंतर ठेवण्यासाठी मधे जागाच उरत नाही.

नवरेही यात मागे नाहीत. "तांबी बसवली की बाईवर वचक राहत नाही" असे एकाने मला चहाच्या टपरीवर सांगितले. अशा बंधूंना माझे सांगणे आहे की रानात पाणी कधी सोडायचे हे तुम्ही विहिरीला विचारता, पाण्याला विचारता, मोटारीला विचारता. जिच्या अंगावर नऊ महिने ओझे, तिला विचारायला कमीपणा कसला? तांबी बसवण्यासाठी नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. पण नवऱ्याने बरोबर दवाखान्यात यावे, बाहेर बाकावर बसावे, याला सहीपेक्षा मोल जास्त आहे.

ज्या बाईचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे, जिच्या हातात बचत गटाचे का होईना चार पैसे आहेत, जी एकटी एसटीने तालुक्याला जाऊन येते, ती बाई नर्सबाईला स्वतः विचारते. जिला दवाखान्यात जायलाही सासऱ्याकडून पन्नास रुपये मागावे लागतात, ती विचारत नाही. गावागावांत मला हेच दिसले.

कोयता आणि तारीख

आपल्या जिल्ह्याच्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. दसरा-दिवाळीला उचल घेऊन गेलेली जोडी उन्हाळ्यातच परत येते. पाच-सहा महिने फडावर, कोपीत. अशा बाईला दर तीन महिन्यांचे इंजेक्शन कोण देणार? तारीख चुकली की दिवस राहतात. गोळ्या, तपासण्या सगळे सुटते. खरे म्हणजे तांबीची गरज सर्वांत जास्त कोणाला असेल तर हिला. पण ती बसवायची तर जाण्यापूर्वी दोन-तीन महिने, श्रावण-भाद्रपदात बसवावी, म्हणजे सुरुवातीचा त्रास गावातच निभावतो आणि तपासणीही होते.

शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झाले ते सर्वांनी वाचले असेल. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या काळात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली निघाली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, मग ऑपरेशन, अंगावर पांढरे जाणे आणि शेवटी तिशीतच पिशवी काढणे, अशी ही साखळी. पिशवी काढणे हे पाळणा थांबवण्याचे साधन नव्हे. अंगावर पांढरे जाते, पाठ दुखते, एवढ्यावरून कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

जबरदस्तीची सावली

कुटुंब नियोजन म्हटले की आमच्या पिढीला आणखी एक गोष्ट आठवते. १९७६ सालची हुरड्यावर आलेली ज्वारी. गावात जीप आली की माझे वडील ज्वारीत जाऊन बसत. शेजारच्या बार्शीत माणसे रस्त्यावरून उचलून नेऊन नसबंदी केल्याचे त्या काळी बाहेर आले होते. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. देशभरात त्या एका वर्षात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्यानंतर पुरुष जे बाजूला झाले ते आजतागायत. सगळा भार बाईवर आला.

१९९६ मध्ये सरकारने वरून ठरवून दिलेली लक्ष्ये रद्द केली. तरी मार्च जवळ आला की आकडे मागितले जातात, हे कोणत्याही खात्यात नोकरी केलेल्याला माहीत आहे. पण आकड्यासाठी बसवलेली तांबी दोन महिन्यांत निघते आणि गावाचा विश्वास दहा वर्षांसाठी जातो. बाळंतपणाच्या वेणांत असलेल्या बाईला "बसवू का?" असे विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. ते आठव्या-नवव्या महिन्यातच, शांतपणे, सासू-नवऱ्यासमोर आणि एकदा एकांतात विचारावे. तिची संमती असल्याशिवाय बसवायची नाही, आणि तिने काढा म्हटले की कुरकुर न करता काढून द्यायची.

हा शेवटचा मुद्दा लहान वाटतो, पण तोच सगळ्यांत मोठा आहे. उमरगा तालुक्यातील एका उपकेंद्राच्या नर्सबाईंना मी विचारले की तुमच्या गावात तांबी वापरणाऱ्या इतक्या कशा? त्या म्हणाल्या, "मी बसवायला कमी बोलते, काढायला जास्त. आधीच सांगते, नको वाटली तर कधीही ये, मी काढून देईन. मग बाई निर्धास्त होते. आणि गंमत म्हणजे काढायला फारशी कोणी येतच नाही."

मग आपण काय करावे?

सुनेला किंवा लेकीला पहिले मूल होण्यापूर्वीच साधनांची माहिती मिळू द्या. सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये लग्नानंतर दोन वर्षे पहिले मूल लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार रुपये देण्याची योजना निघाली होती. पैसे मिळोत न मिळोत, पण विचार चांगला होता.

तांबी बसवण्याआधी तपासणी करून घ्या. दिवस राहिल्याची शंका, कारण न कळलेला रक्तस्राव, पिशवीला सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर तांबी बसवत नाहीत. हिमोग्लोबिन पाहा, लोहाच्या गोळ्या घ्या. पहिले काही महिने त्रास वाढला तर घाबरू नका, नर्सबाईंना सांगा, त्यावर गोळ्या आहेत. मात्र पाळी चुकली, ताप आला, ओटीपोटात फार दुखू लागले, घाण वासाचे पाणी जाऊ लागले किंवा दोरा लागेनासा झाला तर थांबू नका, दवाखाना गाठा. तांबीने गुप्तरोग किंवा एड्सपासून संरक्षण मिळत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

तांबी कोणत्या तारखेला बसवली आणि कधी बदलायची, ते कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड रेशनकार्डाजवळ ठेवा. आणि ज्यांना आता मूल नकोच आहे अशा बंधूंनो, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. काही मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. त्याने ताकद जात नाही. तीन महिने मात्र दुसरे साधन वापरावे व नंतर वीर्य तपासून घ्यावे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देण्यास सुरुवात केली. त्याला शंभर वर्षे उलटली. तरी आमच्या गावात या विषयावर पुरुष अजून फक्त हसतात.

तो आवाज कोणाचा?

पोळ्यानंतर मी पुन्हा कळंब तालुक्यातल्या त्या गावी गेलो. या वेळी गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंना बरोबर बसवले. गाईंचा विषय झाल्यावर मी म्हणालो, "मागच्या खेपेला एक प्रश्न आला होता, त्याला मी उत्तर दिले नव्हते. चूक माझी होती. ज्या ताईंनी विचारला त्यांनी आज पुन्हा विचारावा."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पन्नाशी उलटलेली एक बाई उठली. मी गडबडलो. मला वाटले होते, एखादी तरुण सून असेल.

"मीच इचारलं हुतं साहेब," ती म्हणाली. "माझं सगळं झालं. पाच बाळंतपनं, दोन लेकरं गेली, पिशवी बी काढली. आता सून आलीय घरात. तिला पहिली पोरगी झाली. आमचे मालक म्हनत्यात, पुढच्या सालाला नातू पायजे. मी म्हनलं, गाईला बी तीन महिने दम देत्यात. तिला तीन वर्सं द्या."

सासवांना नावे ठेवत मी इतकी वर्षे फिरलो होतो. माझ्या आईलाही मनातून दोष देत होतो. पण त्या काळात आईला तरी दुसरे काय माहीत होते? तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याला पुस्तकात वाचून माहीत होते, तो मी मान डोलावत बसलो होतो.

त्या सुनेने तांबी घेतली की इंजेक्शन, हे मी विचारले नाही. ते विचारायचा अधिकार माझा नाही. बैठक संपल्यावर ती पोरीला कडेवर घेऊन नर्सबाईंशी बोलत उभी होती आणि सासू थोडे अंतर ठेवून, कोणी जवळ येऊ नये म्हणून राखण करत होती, एवढे मी पाहिले.

घरी येऊन हे सगळे हिला सांगितले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं विचारलंत."